माईकचं टोपरं

मार्लो क्रीकच्या नगरपालिकेत एल्विन प्रुइट एकवीस वर्षं झाडलोट करत होता, बल्ब बदलत होता, नळ दुरुस्त करत होता. पण कुणी विचारलं की सांगे, "मी आवाजाचा माणूस." कारण गावातल्या प्रत्येक समारंभाचा माईक त्याच्या ताब्यात. स्वतः मात्र इतका अबोल, की एका दमात तीन वाक्यं बोलला तर मर्ल त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघे.

मर्ल म्हणजे त्याचा नवरा. एकोणतीस वर्षांचा संसार. कायद्याने होकार दिल्यावर लग्नही केलं.

इथे नगराध्यक्षाचा शपथविधी ऐन जानेवारीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर होतो. आत हॉल आहे, पण पणजोबा बाहेर कुडकुडले, मग आपण का नाही? त्या वाऱ्यात माईक असा घोंघावतो की शपथ घेणारा विहिरीत पडलाय असं वाटावं. म्हणून मर्लने माईकला लाल लोकरीचं टोपरं विणलं होतं, चांगलं बंदांचं. पाच नगराध्यक्षांनी त्यात तोंड घालून वचनं दिली. वचनं विरली, टोपरं टिकलं.

यंदाच्या नगराध्यक्ष ब्रेंडाबाई. त्यांच्या प्रचाराला मर्लने तीनशे बिस्किटं भाजली होती. आणि बाईंनी प्रार्थनेला बोलावलं पास्टर टॉर्केल्सनना! एल्विन आणि मर्ल लग्नाचा परवाना घ्यायला गेले, तेव्हा ह्याच पायऱ्यांवर 'हे पाप आहे' असा फलक धरून उभे होते ते.

"मग मी येत नाही," मर्ल म्हणाला. "आणि माझं टोपरंही येत नाही."

"निवृत्तीआधीचा माझा शेवटचा कार्यक्रम आहे रे. मानपत्र देणारेत. घरच्यांना वर बोलावतात."

"त्या पास्टरच्या शेजारी उभा राहू?"

टोपरं खुंटीवरच ठेवून एल्विन एकटाच निघाला.

"एल्विन, टोपरं कुठंय?" ब्रेंडाबाईंनी विचारलं.

"घरी. रुसलंय."

बाई ओशाळल्या. "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

पास्टरांनी प्रार्थना सुरू केली आणि वाऱ्याने माईक धरला.

"काय म्हणतायत गं?" पुढच्या रांगेतल्या आयडाबाईंनी शेजारणीला विचारलं.

"काही कळत नाही. कुणाची तरी गाय वितेय."

मागून कुणीतरी ओरडलं, "एल्विन, मुद्दाम करतोस काय रे?"

एल्विनचे कान लाल झाले. एकवीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. तो नुसताच बटणं पिळत राहिला.

तेवढ्यात गर्दीतून केशरी कानटोपी वर येताना दिसली. दोन गल्ल्या पलीकडे स्वयंपाकघरात ते घोंघावणं मर्लला ऐकू गेलं होतं. तो थेट पायऱ्या चढला.

"थांबा जरा, पास्टर." त्याने माईकला टोपरं चढवलं, बंद बांधले. "आता बोला. काय बोलायचं ते बोला, पण नीट ऐकू जाऊ दे. लोक माझ्या नवऱ्याच्या कामाला नावं ठेवतायत."

माईक आता उत्तम चालत होता. 'माझ्या नवऱ्याच्या' हे शब्द समोरच्या बँकेच्या भिंतीवर आपटून खणखणीत परत आले.

पास्टरांनी घसा खाकरून उरलेली प्रार्थना म्हटली. प्रत्येक शब्द ऐकू आला. लक्षात एकही राहिला नाही.

शपथ झाली. "आता एल्विन प्रुइट आणि त्यांचं कुटुंब..." ब्रेंडाबाई म्हणाल्या.

"कुटुंब आधीच येऊन उभं आहे," एल्विन पुटपुटला.

पायरी अरुंद. पास्टर हलले नाहीत, मर्लही हलला नाही. तिघं खांद्याला खांदा लावून फोटोत आले. हसला एकटा एल्विन.

"दोन शब्द बोला!" लोक ओरडले. एल्विन माईकपुढे गेला आणि गोंधळला. जन्मभर दुसऱ्यांच्या उंचीला माईक लावला, स्वतःची उंची कुठे ठाऊक? मर्लने पुढे होऊन दांडा चार बोटं खाली घेतला.

एल्विन लाल टोपऱ्यावर वाकला.

"ऐकू येतंय का?" त्याने विचारलं. सगळ्या गावाला विचारलं, पण बघत होता मर्लकडे.