आत्याचा रिकामा हात

आमची आत्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती आणि आख्ख्या दवाखान्यात सगळ्यांत जाड चष्मा तिचाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती स्वतःच म्हणून मोकळी व्हायची.

ती नोकरीला लागली तेव्हा नंबर घालवायला बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर पात्याने चिरा देत, सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या. चष्मा सुटायचा, पण काहींना रात्री दिव्यांना काटे फुटलेले दिसायचे. मग लेसर आला. तो पडद्याचा कणकण अलगद विरवायचा. पण आधी वरची नाजूक साल खरवडावी लागे, आणि पेशंट दिवसचे दिवस खिडक्यांचे पडदे ओढून डोळे गाळत बसत. पुढे पडद्याचा पातळ पापुद्राच उचलून, खाली लेसर मारून, तो पुस्तकाच्या पानासारखा परत मिटवू लागले.

मशीनं बदलली, आत्याचं काम तेच राहिलं. पेशंटचा हात धरायचा आणि हळू आवाजात सांगायचं, लाल ठिपक्याकडे बघा. उठल्यावर प्रत्येक जण तिला काय दिसलं ते सांगे. एका शिंप्याला ठिपका पाण्यात पडलेल्या चंद्रासारखा डुलताना दिसला. एक शिक्षिका म्हणाली, मी लाल धुक्यात चालत गेले.

नवं मशीन आलं की डॉक्टरीणबाई आत्याचे डोळे तपासायच्या आणि मान हलवायच्या. नंबर फार मोठा. आत्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना आलेल्या मशीनवर मात्र त्या हो म्हणाल्या. लांबचं दिसेल, पण या वयात वाचायला चष्मा लागेलच, हेही सांगितलं.

"हत्ती जाऊ दे," आत्या म्हणाली, "शेपूट मी सांभाळीन."

टेबलावर आडवी झाल्यावर क्षणभर सगळं काळं झालं. मग ठिपका विरघळून पसरला. कुठेतरी टकटक होत होती, केस जळल्यासारखा वास येत होता. तिने सवयीने हात पुढे केला. तो धरायला कोणीच नव्हतं. हात धरणारी तर हीच. तेव्हा तिने आपलाच डावा हात उजव्यात घेतला आणि त्या लालीत तरंगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची झाकणं निघाली. घरी तिचे यजमान, आमचे काका, खोलीच्या पलीकडच्या टोकाला, केस विंचरून, परीक्षेला बसल्यासारखे उभे होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"अहो, तुम्ही म्हातारे झालात."

"कधीचा सांगतोय," काका म्हणाले.

कामावर परतल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगितलं की आता पेशंटचा हात मी जरा आधीपासून, सगळं काळं होण्याआधीच, धरीन.

संध्याकाळी ती खिडकीशी वाचत बसायची. रस्त्यावरचे दिवे लागले की वाचायचा चष्मा तसाच ठेवून मान वर करायची. त्या काचांतून लांबचे दिवे, पूर्वी जाड चष्मा काढल्यावर दिसत तसे, फुगायचे, मऊ व्हायचे, एकमेकांत मिसळून कापसासारखे हवेत लोंबायचे. काका विचारायचे, काय बघतेस? ती म्हणायची, काही नाही, आणि बघत बसायची.