हंडा भरेपर्यंत बोल

गायकवाड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या दवाखान्यात एका आजीबाईंचं ब्लडप्रेशर बघत होते. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. "सर गेले गं माय," एवढंच त्या म्हणाल्या. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्याच बातमीपुढे त्या दिवशी मी मुकी झाले.

सर उदगीरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मी लातूरला नर्सिंग केलेली आणि परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत एकदा आपटलेली. ऐकणं, वाचणं, लिहिणं निभावलं होतं, बोलण्यात घोडं अडलं. घरच्यांनी सांगूनच टाकलं होतं, अजून एकदा बस, नाही जमलं तर आलेलं स्थळ पक्कं करू. रडवेली होऊन मी सरांकडे गेले. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. परीक्षकाने आवडत्या जागेवर दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी गाइडमधलं समुद्रकिनाऱ्याचं वर्णन घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

"समुद्र पाहिलीस का कधी?"

"न्हाई, सर."

"मग त्या बिचाऱ्याला कशाला नेलीस तिथं?"

मग त्यांनी नीट समजावलं. पाठ केलेलं परीक्षकाला पहिल्या वाक्यातच कळतं. तू इंग्रज वाटतेस का, हे तो बघत नाही. आपले उच्चार आपलेच राहू देत, समोरच्याला समजले म्हणजे झालं. चुकलीस तर सुधारून पुढे जा, पण बोलायची थांबू नकोस. थांबणं हेच तर माझं दुखणं होतं. आमच्या घरात मुलीला काही विचारलं तर 'हाव' नाहीतर 'न्हाई' म्हणायचं आणि कामाला लागायचं, अशी रीत. सलग दोन मिनिटं माझं कुणी ऐकून घेतलंय, असं मला आठवतच नव्हतं.

ते दुष्काळाचं वर्ष. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आमच्याकडे टँकर. सरांच्या अंगणात पाण्याचं पिंप होतं आणि त्याच्या तोटीला करंगळीएवढी धार. काकू तोटीखाली हंडा लावायच्या, सर स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "हंडा भरेपर्यंत बोल." पहिल्या दिवशी पाव हंडाही झाला नाही तोच मी गप्प. सरांनी नुसतं हंड्याकडे बोट दाखवलं. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्या शेजारी बसून माना डोलवायच्या, त्याचा मला लई आधार वाटायचा.

तेव्हा गावात चहाच्या टपरीवर एकच विषय, उदगीर जिल्हा होणार का. सरांनी तोही परीक्षेला घेतला.

"व्हावा," मी म्हणाले.

"का?"

"सगळे म्हणायलेत, सर."

"सगळ्यांना परीक्षेला बसायचं न्हाई. तू सांग."

मग मी सांगितलं, आईला साध्या कागदासाठी लातूरला जावं लागायचं, तिचा सगळा दिवस मोडायचा. मोडकंतोडकं इंग्रजी, पण माझं स्वतःचं. त्या दिवशी हंडा भरला तरी मी बोलतच होते.

दुसऱ्यांदा परीक्षा हैदराबादला. विषय आला, तुम्ही वाट पाहिलेली एखादी गोष्ट. मी टँकर सांगितला. रांगेतली भांडणं, हंड्यावर ओलं फडकं टाकणाऱ्या काकू, सगळं. परीक्षकाने मधेच थांबवून आभार मानले. एरवी माझं धाबं दणाणलं असतं, पण सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, थांबवलं म्हणजे वेळ संपली, तुझं चुकलं असं न्हाई. हवे होते तेवढे बँड, म्हणजे त्या परीक्षेतले गुण, मिळाले. फोनवर सर म्हणाले, "आता तिथं जाऊन हाव-न्हाई करू नकोस." इथे पेशंटसाठी डॉक्टरांशी वाद घालते तेव्हा दर वेळी मला सरांचं ते स्टूल आठवतं.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या विधीला, मी पोहोचू शकले नाही. गेल्या महिन्यात मी उदगीरला गेले. सरांच्या फोटोपुढे हात जोडले, काकूंपाशी बसले, पण पुन्हा तेच, तोंडातून शब्द फुटेना. अंगणात आता नळ आलाय, पिंप मात्र तिथंच आहे. काकू उठल्या, हंडा पिंपाच्या तोटीखाली लावला, धार बारीक केली आणि सरांच्या स्टुलावर येऊन बसल्या.

"बोल, माय," त्या म्हणाल्या. "आज मराठीत बोल. मला समजंल."