आरसेवाले मामा आणि अवस

आरशात स्वतःचं तोंड न पाहणारा आरसेवाला मी एकच पाहिला. पांढुर्ण्याच्या बाजारात आमच्या गल्लीतल्या मामांचं फोटो मढवायचं आणि आरसे कापायचं दुकान होतं. नवा आरसा आला की ते आधी त्याला उन्हातून आत घेत, मऊ कापडानं पुसत आणि मग दाराशी तिरपा धरून त्यात आकाश बघत. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल.

तरुणपणी ते सातपुड्यातल्या एका डोंगरावर दुर्बिणीचे आरसे पुसायला रोजंदारीनं होते. शाळेतून येताना मी दुकानात डोकावले की सुरू व्हायचे, "ताऱ्याइकडून येनारा गामा किरण जमिनीवर पोचतच नाही, पोरी. वरच हवेले धडकते. मंग निळा उजेड पडते, पापणी हलाच्या आत खतम! तेवढा आरशानं पकडाचा." चांदण्यात तो उजेड हरवतो, म्हणून मामांना अमावस्या, आमच्याकडची अवस, भारी प्यारी. गल्ली हसायची. मामा ढिम्म.

त्यांच्याच नादानं मी भौतिकशास्त्र घेतलं आणि लडाखच्या तसल्याच दुर्बिणीवर नोकरी लागली. वेळेवर रुजू व्हायचं तर नेमकं अमावस्येला घर सोडावं लागणार होतं. आई अडून बसली. "अवशीले पोरगी घराबाहेर काढू? लोकं काय म्हणतीन?"

मामा रोज संध्याकाळी दुकान बंद करून आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. चहा प्यायचे, आईची बोलणी खायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. असा चिवट माणूस! पाचव्या दिवशी आई वैतागली, "भाऊ, तुमाले काहून एवढी पडली?"

मामांनी कप खाली ठेवला. "ताई, मले बी मायनं दिवाळीच्या अवशीले घरी बोलावलं होतं. आलो. वापस गेलो तं माह्या जागी दुसरा. तवापासून लोकाइचे फोटो मढवून राहिलो. हिले अडवू नका."

आई उठली. आत गेली आणि चिवड्याचा डबा भरू लागली.

अमावस्येला दुकानाला कुलूप घालून मामाच मला नागपूरला गाडीत बसवायला आले. खिडकीशी उभं राहून दटावलं, "आरसा पुसला म्हणजे झालं नाही. पुन्हा एकडाव पाहजो." आजही मी दोनदा बघते.

गेल्या वर्षी पोळा सरून आठवडा झाल्यावर आईचा फोन आला. मामा गेले होते, आणि जाऊन दहा दिवस झाले होते. आईवर मी इतकी कधीच ओरडले नव्हते. "आणि मला आत्ता सांगतेस?"

आई पलीकडे रडत होती. "भाऊनंच शपथ घातली होती वं. म्हणे, अवशीचे दिवस हायेत, तिचं काम चालू असन. माह्यासाठी पोरीले घरी बोलावू नका."