केळीतल्या पोरीचा आवाज

पिवळ्या साडीतली ती पोरगी केळीच्या बागेत तोंड उघडते आणि आवाज माझा येतो. वीस-बावीस वर्षं झाली, ती काही थकत नाही. मी थकले.

तिचं नाव मला ठाऊक नाही. माझं तिला ठाऊक असायचं कारण नाही. दोघींनी मिळून एक गाणं केलं, पण समोरासमोर कधी आलो नाही.

झालं असं, की पिंपळनेरला मावसबहिणीच्या हळदीत मी एक अहिराणी गाणं म्हटलं. विहिणीला चिडवायचं गाणं. तिचा नखरा, तिचा नाकावरचा राग, तिच्या हातची करपलेली भाकर, सगळं त्यात. बायका हसून हसून लोळल्या. त्या लग्नात धुळ्याचा एक माणूस आला होता. तो गाण्यांच्या सीडी काढायचा. आठ-दहा दिवसांत स्वारी शिरपूरजवळच्या आमच्या गावात, थेट आमच्या ओट्यावर. म्हणाला, गाणं रेकॉर्ड करू, त्यावर शूटिंग करू, वहिनीच दिसतील. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू!

सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, खाटेवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "आवाज जाऊ दे. पन तोंड दिसाले नको. नावबी नको."

यात काही वावगं आहे असं घरात कोणालाच वाटलं नाही. लग्नात बाई गाते ती बायकांच्या घोळक्यात, डोक्यावर पदर घेऊन. आवाज मांडवभर जातो, तोंड कोणाला दिसत नाही. आबांच्या लेखी सीडीचंही तसंच. माझ्या लेखी नव्हतं. मी आत जाऊन भाकरी अशा थापल्या की परात दणाणली. नवरा म्हणाला, "अगं, आवाज तरी जातोय ना!" त्या रात्री त्याला मी वरण बिनमिठाचं वाढलं. त्याने मुकाट खाल्लं.

रेकॉर्डिंग धुळ्याला झालं. एवढीशी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. डोक्यावर पदर आणि त्यावर हेडफोन, तो सारखा घसरायचा. शेवटी मशीनवाला म्हणाला, वहिनी, पदर राहू द्या खांद्यावर. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच उघड्या डोक्याने गायले, आणि बघायला कोण, तर काचेपलीकडे तो आणि माझा नवरा. त्या दिवशी गळा जो लागला, तसा पुन्हा लागला नाही.

शूटिंग रावेरकडे झालं. मला नेलंच नाही. सीडी आली तेव्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे अख्खी गल्ली बसली. पडद्यावर आधी आकाशातून गुलाबाची फुलं पडली. मग एका पोरीच्या चार पोरी झाल्या, चारही एकसारख्या मुरकणाऱ्या. मग ती बदामाच्या आकारात शिरली. विहिणीला चिडवायचं गाणं, आणि विहीण कुठेच नाही! ही एकटी केळीच्या खोडांना मिठ्या मारतेय, तेही नव्याकोऱ्या पिवळ्या साडीत. केळीचा चीक लागला की डाग जन्मात जात नाही, हे तिला कोणी सांगितलं नसावं. मी श्वास घेते तिथे ती हसते, आणि मी हसते तिथे तिचं तोंड मिटलेलं.

गल्लीतली एक जाऊबाई म्हणाली, "अक्का, काय गाते गं ही पोरगी!"

"गाते बाई," मी म्हटलं. आबा शेजारीच बसले होते. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

पुढे ते गाणं सगळीकडे वाजलं. वरातीत वाजलं, केळीच्या ट्रकमध्ये वाजलं. सीडी गेल्या, मग पोरांच्या मोबाइलमध्ये कार्डं आली. त्यात पोरगी नखाएवढी दिसायची, पण दिसायची. मग यूट्यूब आलं. आता नव्या गाण्यांचं काय बघायचं? ड्रोन वर जातं, खाली अख्खं शिवार, नवरदेव काळा चष्मा लावून जीपच्या टपावर उभा. माणूस कोणता नि झाड कोणतं, कळायला मार्ग नाही. पूर्वी गाण्याआधी पाच मिनिटं नवरा-बायकोचं भांडण दाखवायचे, मग गाणं सुरू व्हायचं. आता गाणं अर्ध्या मिनिटाचं, फोनच्या पडद्यावर उभं, आणि अंगठ्याने वर ढकललं की संपलं. मला त्यात वाईट काही वाटत नाही. बघणाऱ्याला कामं असतात.

फक्त एक गोष्ट मनात खुपायची. माझी सून स्वयंपाकघरात उभी राहून रील करते. ओढणी खांद्यावर, केस मोकळे, मागे माझे मसाल्याचे डबे. आणि आबा, तेच आबा, आता नव्वदीला टेकलेले, नातसुनेच्या रीलमध्ये खाटेवर बसून हात हलवतात. मला त्यांचा राग यायचा. म्हाताऱ्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. यायचा.

गाणं माझं आहे, हे सुनेला मिरच्या निवडताना कळलं. तिच्या फोनवर ते लागलं होतं आणि मी बरोबरीने गुणगुणत होते. तिने फोन बंद केला, मला एकटीला म्हणायला लावलं, आणि बघतच राहिली. "आई, हा तुमचा आवाज आहे? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"विचारलं कोणी?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला अंगणात उभं केलं. जुनं गाणं लावायचं आणि मी नुसते ओठ हलवायचे. वाटलं, त्यात काय! पण छे. तरुणपणीची मी पुढे धावायची आणि आत्ताची मी मागून धापा टाकत. केळीतल्या त्या पोरीला मी वीस वर्षं नावं ठेवली. तिचं काम सोपं नव्हतं, हे त्या दिवशी समजलं. शेवटी एकदाचं जमलं. सुनेने ते नेटवर टाकलं आणि खाली लिहिलं, गाणाऱ्या याच.

लोकांनी बघितलं, भरपूर बघितलं. सून वाचून दाखवत होती. आजी काय भारी ॲक्टिंग करतात. आजी, तुमचे ओठ एकदम बरोबर जुळले. एकाने लिहिलं, आजी मस्त, पण केळीतल्या ओरिजिनल गायिकेची सर नाही.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी उठून आत जाणार, तेवढ्यात खाटेवरून आबा सुनेला म्हणाले, "खाले लिख, आवाजबी तिनाच शे. तिना सासरा सांगस."

सुनेने लिहिलं, आवाजही यांचाच आहे, त्यांचे सासरे सांगतात. अडकित्ता बाजूला ठेवून आबा वाट बघत बसले. थोड्या वेळाने विचारलं, "लोक काय लिखनात?"

सून माझ्याकडे बघू लागली. खाली नुसती हसणारी तोंडं आली होती, रांगेने. तिला ते सांगवेना. मग मीच सांगितलं. "आबा, कोणाला खरं वाटत नाही. तोंड तेव्हा दाखवलं असतं तर वाटलं असतं."

एवढं त्यांच्या तोंडावर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते खाटेवर नीट सरकून बसले. मग म्हणाले, "मंग आते म्हन. आपल्या आवाजात म्हन. पोरी, तू फोन धर."

हुकूम तो हुकूमच! पण मी उभी राहिले. गळा आता जड झालाय, वरचा सूर लागत नाही. तिथे आवाज फाटलाच. डोक्यावरचा पदर घसरला. सून हळूच म्हणाली, "आई, परत घेऊ या का?"

मी मानेनेच नको म्हटलं आणि पदर न सावरता पुढचं कडवं घेतलं. आबा मांडीवर ठेका धरून, मान वर करून, माझ्या तोंडाकडे बघत होते.