तिसऱ्या बेसखालचा आवाज

मैदानावर कोणी नवीन माणूस आला की काका हातातलं दंताळं उभं धरायचे, त्याचं टोक स्वतःच्या डोक्याच्या बरंच वर न्यायचे आणि म्हणायचे, "पाणी इथपर्यंत होतं. याच्याही वर. तपासून बघा तुम्ही."

मग आपण मान वर करायची. वर हूफडॉर्पचं, आमच्या या डच गावाचं, नेहमीचं करडं आभाळ असायचं, उतरायला आलेलं एखादं विमान असायचं. पण काकांचं ऐकल्यावर ते विमान पाण्यावरून चाललंय आणि आपण तळाशी उभे आहोत असं वाटायचं. मला ते मुळीच आवडायचं नाही.

हे मैदान बेसबॉलचं, गावातलं सगळ्यात जुनं. हा सगळा भाग पूर्वी तळं होता. पंप लावून ते उपसलं आणि तळाशी शेतं, मग घरं, मग आमची ऑफिसं आली. त्या वेळच्या एका पंपाचं घर कुंपणापलीकडे अजून उभं आहे, गोल बुरुजासारखं, भिंतीतून लोखंडी हात बाहेर काढलेलं. आता ते संग्रहालय आहे. कॉफी बरी मिळते.

काका मूळचे मिरजेचे. सारी नोकरी पंपांच्या दुरुस्तीत गेली. काकू गेल्यावर ते या मैदानाची माती सारखी करायला फुकट यायला लागले, आणि मैदानाची चावी त्यांच्याकडे आली. आम्ही पुण्या-मुंबईची आयटीवाली मंडळी रविवारी मागच्या गवतावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो, ते त्यांच्याच कृपेने. "आतल्या मातीवर पाय नाही," एवढीच त्यांची अट.

अशा गोष्टी ते सांगत, ज्या कुठल्या फलकावर नव्हत्या. दिव्याचा खांब रोवताना खालून होडीची फळी निघाली, ती खेळाडूंच्या बाकाला ठोकली. "पोरं पाळीची वाट बघत बसतात ना, ती होडीत बसतात," काका म्हणायचे. मी त्या बाकावर बॅग ठेवायचो. नंतर ठेवेनासा झालो.

एकदा मैदानावरच आमची सहल होती, वीस-पंचवीस जण, डब्यांत थालीपीठं. वारा अजिबात नव्हता. काका मला बाजूला घेऊन तिसऱ्या बेसपाशी गेले.

"तुम्ही इंजिनिअर माणूस. जरा कान लावा इथे जमिनीला."

"का, काका?"

"पंप चालू असतो. धप होतं, मग दम घेतल्यासारखं, मग पुन्हा धप. वारा पडला की येतं ऐकू. इथला घरचा डॉक्टर, हाउसआर्ट, म्हणतो कानाचा आजार. मुलगी म्हणते बाबा, आता एकटं राहू नका. दुसऱ्या कोणी ऐकलं ना, तर माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं."

आता सांगा, वाकायला काय जात होतं? पण मी पडलो पुण्याचा. मी फोन काढला. दोन मिनिटांत संग्रहालयाची माहिती सापडली आणि मी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "काका, हा पंप केव्हाच बंद झालाय. सोर्स ऑफिशियल आहे."

मंडळी हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. काकांची मुलगी बेस्ट नावाच्या गावाहून आली होती, तिने मात्र मान खाली घातली.

"असेल," काका म्हणाले आणि बेसभोवतीची माती दंताळ्याने सारखी करत राहिले.

त्यानंतर त्यांनी दंताळं कधी डोक्याच्या वर नेलं नाही. "तपासून बघा" हेही बंद झालं. उन्हाळा संपता संपता मुलगी त्यांना बेस्टला घेऊन गेली. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी चांगली सोय होती. एकदा भेटायला येऊ का म्हणून मी तिला फोन केला. तिने बोलावलंही. हूफडॉर्पहून बेस्ट काही चंद्रावर नाही, तरी माझ्याने जाववलं नाही. फेब्रुवारीत ग्रुपवर तिचा निरोप आला, बाबा झोपेत गेले.

त्या आठवड्यात एका दुपारी मी मैदानावर गेलो. पान हलत नव्हतं. तिसऱ्या बेसपाशी दंताळ्याच्या रेघा अजून दिसत होत्या. कोणी नव्या ओढल्या असतील. मी गुडघे टेकले, कान मातीला लावला. माती थंड होती आणि ओली होती.

धप. मग दम घेतल्यासारखं. मग धप.

आपलंच काळीज असेल म्हणून मी मनगट धरून नाडी बघितली. ती कितीतरी जोरात चालली होती. खालचं मात्र सावकाश चाललं होतं, घाई नसल्यासारखं. मी तिथेच पडून राहिलो आणि मला रडू आलं. काका ठणठणीत होते, आणि हे ज्यांना सांगायचं ते राहिले नव्हते.

परवा ऑफिसातल्या एका मित्राला घेऊन गेलो. त्याला म्हटलं, "जरा वाक, कान लाव, ऐकू येतं का सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला.