ब्रेथ आणि ब्रीद

काल इंग्रजीचा अभ्यास करताना लेकीनं विचारलं, "आई, ब्रेथ आणि ब्रीदमध्ये फरक क्या है?" माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला.

लहानपणी आम्ही हिंदी मुलखात राहायचो; तिथल्या दाना ओली या गल्लीतल्या खोलीत बाबांनी मला हेच विचारलं होतं. मी हिंदी शाळेत शिकलेलं सांगितलं, "ब्रेथ म्हणजे श्वास, संज्ञा. ब्रीद म्हणजे श्वास घेणं, क्रिया." खाडकन कानाखाली बसली. "मराठी घरात संज्ञा? नाम म्हण! क्रियापद म्हण!" दर शब्दाला एक थप्पड. तोंडात रक्ताची खारट चव आली, कानात शिट्टी वाजू लागली, हुंदक्यांनी श्वासच घेता येईना.

माझं चुकलंच, असं कित्येक वर्षं वाटायचं. उत्तर तर बरोबर होतं.

लेकीला मी उजवीकडे बसवलं. डाव्या कानानं मला त्या दिवसापासून ऐकू येत नाही.

"ब्रेथ संज्ञा आहे," मी म्हणाले. "बिनधास्त लिही."