एकच पेला

"ह्या महारणीच्या हातचं मी पिणार नाही!"

डॉक्टर ओरडले. मराठीत. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या चर्चमध्ये, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेले असताना, भर प्रभुभोजनात. आमचा ऑर्गन एवढा म्हातारा की नोहानेच तो तारवातून उतरवला असावा. दर ओळीला खोकायचा. त्या खोकल्यावरही डॉक्टरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. कळलं मात्र कोणालाच नाही. सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे. कारण सगळ्यांनी घोट घ्यायचा तो द्राक्षारसाचा चांदीचा पेला माझ्या हातात होता.

हे डॉक्टर म्हणजे मी ज्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होते तिथलेच कन्सल्टंट. पुण्याचे. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्याआधीच्या तीस पिढ्या ब्राह्मण, आणि त्या तीसच्या तीस त्यांनी विमानातून बरोबर आणलेल्या. पहिल्याच रविवारी मला विचारलं, "गाव कुठलं?" म्हटलं, नगरकडचं. "मिशन कंपाउंड?" म्हटलं, हो. संपलं. मराठी माणसाला जात ओळखायला एवढं पुरतं. त्यानंतर सगळ्यांसमोर इंग्लिश, आणि मला टोचायचं असलं की मराठी.

त्याच वर्षी सुगीच्या सणाचं जेवण होतं. मी पातेलंभर चिकन रांधून नेलं. डॉक्टर पातेल्याकडे बघून म्हणाले, हिच्या हातचं कोण खाणार. व्हिकर, म्हणजे आमच्या चर्चचा पाद्री, बिचारा भला माणूस, हसत हसत विचारतो, काय म्हणाले? मी म्हटलं, डॉक्टरांना मसाला सोसत नाही. तेव्हापासून अकरा वर्षं चर्चच्या प्रत्येक जेवणात बायकांनी डॉक्टरांसाठी आठवणीने उकडलेला बटाटा ठेवला. बिनमिठाचा. दोन-अडीच टन बटाटा गेला असेल त्यांच्या पोटात. एवढाच माझा सूड. घरी येऊन हसायचे, आणि हसता हसता थकायचे. कारण खोटं मी बोलले होते, आणि त्यांची अब्रू झाकली होती.

बाकी मी चहावर. चर्च सुटलं की हॉलमध्ये हिरवे कप मांडायचे, ओतायचे, विसळायचे. आठवडाभर लाँड्रीत चादरी, रविवारी कप. अकरा वर्षांत एवढा चहा केला की लेस्टरच्या सोर नदीला पूर आला असता. सगळे म्हणायचे, तुझ्यासारखा चहा कोणाला जमत नाही. बायबल वाचायच्या यादीत नाव? नाही. उच्चाराचं कारण. क्वायरमध्ये? आवाज फार मोठा.

मग बर्लिनची भिंत पडली त्या वर्षी बिशपचं पत्र आलं. व्हिकरनेच नाव कळवलेलं. पेला धरायच्या यादीत मी.

ते पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. माझा आजा ख्रिस्ती झाला तो स्वर्गासाठी नाही. पाद्री त्याला म्हणाला होता, आमच्यात सगळे एकाच पेल्यातून पितात. आज्यानं विचारलं, पाटलानं बाप्तिस्मा घेतला तर तोही? पाद्री म्हणाला, तोही. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नसलेला माणूस. तेवढ्या एका पेल्यासाठी त्याने देव बदलला.

आमच्या चर्चमध्ये पेले दोन असायचे. एक माझ्याकडे, दुसरा आर्थर नावाच्या रिटायर्ड पोस्टमनकडे. डॉक्टर नेहमी कठड्याच्या आर्थरकडच्या टोकाला गुडघे टेकायचे. पाच महिने असंच चाललं. मला दिसत होतं.

त्या रविवारी आर्थर तापाने घरी पडलेला. पेला एकच.

डॉक्टर चर्चचे वॉर्डन, म्हणजे कारभारी. पहिल्या बाकावरचे. उठून जाता येईना. नको असेल त्याने छातीवर हात दुमडावेत, पेला पुढे जातो. त्यांनी तेही केलं नाही. नुसते ओठ मिटून माझ्या पायांकडे बघत राहिले. मला पुढे सरकता आलं असतं. रोज सरकतेच की. पण पाय दुखत होते, गुडघे दुखत होते, अकरा वर्षं दुखत होती. मी उभी राहिले. पेला त्यांच्या ओठांसमोर. एक कडवं संपलं. दुसरं संपलं. मग ते ओरडले.

ऑर्गन थांबला. व्हिकर भाकरीचं ताट घेऊन तसाच वळला. "काय म्हणाले डॉक्टर?"

मसाला जिभेवर आला होता. सवयच तशी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत विनंती दिसली. मी झाकीन, अशी खात्रीच होती त्यांना.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. इंग्लिशमध्ये. क्वायरला मोठा वाटणाऱ्या आवाजात. "ते म्हणाले, मी अस्पृश्य आहे, आणि माझ्या हातचं ते पिणार नाहीत."

डॉक्टर उठून बाहेर गेले. मी रुमालाने पेल्याची कड पुसली आणि पुढच्या बाईसमोर धरला. ती प्यायली.

नंतर मी हॉलच्या स्वयंपाकघरात कोट चढवत होते. कप मांडलेले नव्हते, किटली गार होती. व्हिकर आला. खूप वेळ हात चोळले. म्हणाला, डॉक्टर फार दुखावलेत. तुमच्याकडच्या गोष्टी आम्हाला काय कळणार. शांततेसाठी पुढचे थोडे रविवार तू विश्रांती घेतलीस तर? चहाला तर तुझ्याशिवाय चालतच नाही.

मी कोटाचं शेवटचं बटण लावलं.

"यादीत माझं नाव आहे. पेला मीच धरणार. चहाला दुसरं कोणीतरी बघा."